कोकणचा समुद्र कसा सावरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाईपासून तेरेखोलपर्यंतच्या किनाऱ्यावर कांदळवन (खारफुटी), कासवं, प्रवाळ आणि मासेमारी यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न गावकऱ्यांचे आहेत, काही पर्यटकांचे, काही नुसते मासळी खाणाऱ्यांचे. माझं एक मत मात्र सगळीकडे दिसेल: आधी नुकसान थांबवायचं, लावणी-रोपणीचं नंतर बघायचं, आणि दोन्ही वेळी किनाऱ्यावरच्या माणसाच्या पोटाचा विचार पहिला करायचा.

समुद्र एवढा अफाट. किनाऱ्यावर चार गोष्टी जपून त्याला काय फरक पडणार?

बराच पडतो. मासळीच्या दृष्टीने खोल समुद्राचा मोठा भाग ओसाडच असतो. अन्न तयार होतं ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात. तिथे नद्या गाळ आणून टाकतात, ऊन खोलवर पोचतं आणि पावसाळी वाऱ्यांनी पाणी ढवळून निघतं. कोळंबीच्या कितीतरी जाती समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळ्यांत वाढतात आणि मोठी होऊन परत बाहेर जातात. बोय, जिताडा, तांबोशी, चिखलातला मोठा खेकडा यांचंही लहानपण खाडीतच जातं. म्हणून खाडीचं तोंड बुजलं किंवा कांदळवनात भराव पडला, की त्याचा फटका बाहेरच्या जाळ्यालाही बसतो.

कांदळवन म्हणजे चिखल, डास आणि कचरा. ते जपायचं कशासाठी?

कचरा आपण टाकलेला आहे, तो कांदळवनाच्या माथी मारू नये. डासांचं म्हणाल, तर मलेरिया-डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यात वाढतात. जिथे दिवसातून दोनदा भरती येऊन पाणी धुऊन काढते, तिथे त्यांना थारा कमी. बांध घालून पाणी अडवलं की डास वाढतात, आणि दोष मात्र झाडांना दिला जातो.

एकदा ओहोटीला खाडीकाठी उतरून नीट बघा. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीच्या मुळ्या वर आलेल्या दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळ्यांतून श्वास घेतं. तिवराचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. पाण्याबरोबर आत गेलेलं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं, आणि कोरड्या दिवसांत त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं कोंब होऊन लोंबत राहतं. खाली पडलं की चिखलात उभं रुततं, नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतं.

या झाडीमुळे लाटांचा जोर मोडतो, काठ खचत नाही, आणि गळालेली पानं हवा नसलेल्या चिखलात गाडली गेल्याने त्यांतला कार्बन दीर्घकाळ तिथेच राहतो. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. असा वृक्ष ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याआधी २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला होता. राज्यात आज तीनशे चौरस किलोमीटरच्या थोडं वर कांदळवन आहे.

आमच्या मंडळाला कांदळवनाची रोपं लावायची आहेत. कुठे लावावीत?

उत्साह चांगला आहे, पण पहिला प्रश्न असा विचारा: इथे कांदळवन आपोआप का उगवत नाही? भरतीचं पाणी नीट येत-जात असेल आणि जवळपास जुनी झाडं असतील, तर बिया पाण्याबरोबर येतात आणि रुजतात. तसं होत नसेल तर बहुतेक वेळा पाण्याची वाट अडलेली असते. रस्ता करताना टाकलेली मोरी अरुंद असते, कुणीतरी बांध घातलेला असतो, राडारोडा पडलेला असतो. ती वाट मोकळी करणं हे खरं काम. त्याचा फोटो तितका छान येत नाही, पण दोन-तीन पावसाळ्यांत तिथे झाडोरा दिसू लागतो.

ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा आहे असं समजून त्यावर रोपं लावू नका. त्या चिखलात तिसऱ्या असतात, खुबे असतात, निवट्या असतात, आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे पाणपक्षी तिथेच पोट भरतात. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. तिथे कांदळवनाइतकंच मोल या उघड्या चिखलाचं आहे. शिवाय अशा जागी भरतीचं पाणी फार वेळ साचून राहतं, त्यामुळे लावलेली रोपं बहुतेक मरतातच.

लावायचीच असतील तर जिथे तोड झाली आहे तिथे, आणि काठावर आसपास जी जात दिसते तीच लावा. चिप्पी पाण्याजवळ, तिवर मागच्या खारट भागात, असं प्रत्येकीचं ठिकाण ठरलेलं असतं. काम वन विभागाला विचारूनच करा.

माझ्या खाजणात कांदळ माजलंय. जमीन माझी, मग तोडायला हरकत काय?

हा प्रश्न रायगड-रत्नागिरीत फार जिव्हाळ्याचा आहे आणि विचारणाऱ्याचं दुखणं खरं आहे. पूर्वी गाव मिळून खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीचे, बांध राखायचं. माणसं मुंबईला गेली, बांध फुटले, खारं पाणी आत आलं, भातशेती गेली आणि तिवरं उगवली. सातबारा मात्र शेतकऱ्याच्या नावावरच राहिला.

कायदा मात्र स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करायला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालातही ती भूमिका कायम राहिली. मालकी खासगी असली तरी ही बंदी लागू होते.

पण नुसती बंदी सांगून थांबणं मला अन्यायाचं वाटतं. राज्य शासनाने कांदळवन राखणाऱ्या गावांसाठी २०१७ पासून उपजीविकेची योजना आणली. खेकडापालन, कालवं आणि शिणाण्यांची शेती, शोभेच्या माशांचं संगोपन अशी कामं तिच्यात बसतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ज्या झाडांपासून घरात चार पैसे येतात, ती झाडं कुणी चोरून तोडू लागलं तर आरडाओरडा करायला बायकाच पुढे असतात. खाजण मालकांना थेट मोबदला द्यायची पद्धत बसवायला हवी, हे मात्र माझं ठाम मत आहे.

पावसाळी बंदीने मासे खरंच वाढतात का?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा आहे. या काळात समुद्र खवळलेला असतो, म्हणून खलाशांच्या जिवासाठीही बंदी हवीच. बऱ्याच जातींचा अंडी घालण्याचा हंगामही याच सुमारास येतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही कोळ्यांची रीत तर कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

बंदीने मासळीला दम मिळतो. पण तो दम टिकायचा असेल तर ऑगस्टमध्ये काय होतं ते बघावं लागतं. दोन महिने वाढलेली पिल्लं बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने पहिल्याच फेऱ्यांत उपसली, तर बंदी पाळणाऱ्या गरीब मच्छीमाराचा त्याग वाया जातो. म्हणून ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौरस आस असणं महत्त्वाचं. नेहमीच्या तिरक्या विणीचा आस ओढ बसली की मिटतो, चौरस आस उघडा राहतो आणि लहान मासळी निसटते.

पर्ससीन आणि एलईडीवरून मालवणात एवढा वाद का होतो?

पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि तळाशी आवळलं जातं. बांगडा किंवा तारलीचा थवा एका वेढ्यात उचलला जातो. पहाटे रापण लावणाऱ्या संघात वीस-पंचवीस घरं असतात. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून दोर ओढायचा आणि मिळेल ते वाटून घ्यायचं. थवा किनाऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर या घरांत त्या दिवशी काहीच येत नाही. एलईडीचा प्रखर उजेड पाण्यात सोडला की मासळी आपसूक गोळा होते, मग लहानमोठं काही उरत नाही.

राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले. आपल्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत, ठरलेल्या पट्ट्यात, परवाना असलेल्यांना आणि तेही सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा बदलून दंड लाखांत नेला. कायद्यात आता फारशी उणीव नाही. कमी पडतात त्या गस्तीच्या नौका आणि त्या वेळेवर बाहेर काढण्याची इच्छा.

बाजारात छोटी पापलेटं स्वस्त मिळतात. घेतली तर काय बिघडतं?

तेवढ्या वयात त्या माशाने एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा म्हणून घोषित केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला. पापलेटासाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे, सुरमईसाठी ३७०. तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचं. म्हणजे पापलेट शाळेच्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा दीड सेंटिमीटर कमी. एवढंसं पापलेट ताटात कसं दिसतं ते डोळ्यांपुढे आणा.

मी तर म्हणेन, ही मर्यादा किमान समजा आणि त्याहून मोठंच घ्या. नाहीतर त्या दिवशी बोंबील घ्या, मांदेली घ्या. शेवंड घेताना पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला तर ती घेऊ नका. आणि मासळी विकणाऱ्या मावशीशी वाद घालू नका. ती लिलावात मिळेल ते विकते. 'मावशी, एवढी बारीक नको, मोठी असेल तेव्हा सांगा' एवढं पुरतं. चार गिऱ्हाइकं हेच बोलली की पुढच्या लिलावात ती बारकी पाटी उचलताना विचार करते.

जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला तर?

घाबरू नका. चुकून सापडलेला प्राणी जिवंत सोडणं हा गुन्हा नाही. ठेवणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे. दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे.

कासव नौकेवर घेतल्यावर हलत नसेल तर ते मेलं असं धरू नका. हवेवाचून गुदमरलेलं कासव निपचित पडतं. त्याला उताणं करू नका. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उचलून टेकवा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरेल. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका आणि काही तास धीर धरा. हालचाल नीट सुरू झाली की इंजिन न्यूट्रलला आणून, जाळं नसलेल्या बाजूने, डोक्याकडून हळू सोडा.

व्हेल शार्कला शेपटीला दोर बांधून ओढू नका, जाळं कापा. जाळ्याचा खर्च मोठा असतो हे खरंच आहे. म्हणून २०१८ पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्षाची योजना आहे: जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तांडेलाच्या (नौकेच्या प्रमुखाच्या) फोनमध्ये एवढं चार्जिंग राखून ठेवा. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण तिने मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून रक्षणकर्त्याच्या जागी बसवलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची अंडी उकरून दुसरीकडे का पुरतात? निसर्गाचं काम निसर्गाला का करू देत नाहीत?

कारण अंडी जागेवर ठेवली तर कुत्री, कोल्हे आणि माणसं ती सोडत नव्हती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांच्या पाहणीसाठी किनारा पालथा घालत होते. तेव्हा त्यांना वेळासला फोडलेली घरटी दिसली. २००२ पासून त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अंडी गोळा करून विकणाऱ्यांनाच कासवमित्र केलं. वाळूवरचा माग त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळत होता? पुढे वन विभागाने हे काम किनारपट्टीभर नेलं.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते, खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. कासवमित्र पहाटे तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग धरून घरट्यापर्यंत जातो. अंडी उलटीपालटी न करता उचलायची, जाळीच्या कुंपणात तितक्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून ठेवायची आणि तारीख लिहून पाटी लावायची. पन्नासेक दिवसांनी वर टोपली पालथी घालतात. मग रोज सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायचं. पिल्लं निघाली की पाण्यापासून थोडं अलीकडे, वाळूवर सोडतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं.

पिल्लू नर की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं. वाळू तापली तर माद्या जास्त, आणखी तापली तर अंडीच मरतात. दरवर्षी उन्हाळा कडक होत असताना हॅचरीवर (अंडी ठेवलेल्या कुंपणावर) सावली किती आणि कधी करायची, हा आता कळीचा प्रश्न झाला आहे. त्यात निसर्ग आणि तौक्ते या वादळांनी काही किनाऱ्यांची वाळूच ओढून नेली. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की कासवाला वर चढायला जागा उरत नाही, हेही बांधकामाच्या मागण्या करताना लक्षात ठेवावं.

ही कासवं सोडल्यावर जातात कुठे?

२०२२ मध्ये कोकणात प्रथमच पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले. वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरची बागेश्री दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेकडे गेली. त्याहून मोठी बातमी २०२५ च्या जानेवारीत आली. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना आढळली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी असतात हा समज त्यामुळे हलला. ओडिशातल्या गहिरमाथ्याला वाचलेलं कासव आपल्या वाळूत येतं, तेव्हा आपला किनारा जपणं ही नुसती आपल्या गावची गोष्ट राहत नाही.

किनाऱ्यावर मोठं कासव वाहून आलेलं दिसलं तर पाण्यात ढकलावं का?

नाही. निरोगी कासव रात्री अंडी घालायला येतं आणि आपलं आपण परत जातं. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेलं कासव बहुधा जखमी किंवा थकलेलं असतं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, गर्दी हटवा, सावली करा. डहाणूला अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

मालवणला स्नॉर्केलिंग केलं तर प्रवाळाला त्रास होतो?

कसं करता त्यावर आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या अंगात राहणारी शेवाळं त्याला अन्न देतात. पाणी फार तापलं की ही शेवाळं निघून जातात, प्रवाळ पांढरा पडतो आणि ताप लांबला तर मरतो. अशा वेळी वरून होडीचा नांगर पडला किंवा कुणी त्यावर उभं राहिलं, तर जे वाचलं असतं तेही जातं. नांगर न टाकता ठरलेल्या तरंगत्या बोयाला होडी बांधणारा चालक निवडा. पाय टेकू नका. पाव-बिस्किटं टाकून मासे जमवणाऱ्याला नको म्हणा. प्रवाळाचा तुकडा घरी आणणं तर बेकायदाच आहे.

मोडलेला प्रवाळ परत लावता येतो ना?

येतो, पण थोडा आणि कष्टाने. तमिळनाडूच्या मन्नार आखातात २००२ पासून काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून वाढवले जात आहेत. मुंबईत सागरी किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या काही वसाहती हलवल्या. हे तंत्र उपयोगी आहे, पण 'नंतर हलवू' असं म्हणून प्रकल्पाला मोकळीक देण्यासाठी ते वापरलं जाऊ नये. गढूळ पाणी आणि ताप कायम असेल तर नवीन लावलेला तुकडाही जुन्याच्याच वाटेने जातो.

विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. त्यावर मोठ्या विस्तारात प्रवाळ आहे. किनाऱ्यापासून दूर असल्याने तिथे सांडपाणी आणि गाळ पोचत नाही. असं ठिकाण बिघडायच्या आधीच राखायला हवं. ते १२ सागरी मैलांच्या बरंच पलीकडे असल्याने निर्णय केंद्राच्या हातात आहे.

अभयारण्य जाहीर झालं की आमची मासेमारी बंद होणार का?

ही भीती मालवणात १९८७ पासून आहे. त्या वर्षी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य झाला. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा. तेव्हा लोकांना नीट विचारलं गेलं नाही अशी तिथल्या मच्छीमारांची भावना आहे, आणि त्या अविश्वासापायी संरक्षणाचं कामही रखडलं. संरक्षित क्षेत्र म्हणजे सगळ्यांना सरसकट बंदी असं असायची गरज नाही. लहान गाभा पूर्ण मोकळा सोडला की तिथे वाढलेली मासळी बाहेर पसरते आणि आसपासच्या जाळ्यांना मिळते. पण कुठला खडक, कुठला महिना, कुठलं जाळं हे रापणकर आणि गिलनेटवाल्यांबरोबर बसून ठरवलं तरच ते पाळलं जातं.

किनारा स्वच्छतेचा उपयोग होतो का?

होतो. वर्सोव्याला २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केलेल्या सफाईनंतर २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं दिसली. सफाईत जाळ्यांचे तुकडे आधी उचला, कारण तेच पाण्यात राहून जीव घेत राहतात. मुंबईच्या समुद्राचं सगळ्यात मोठं दुखणं मात्र पुरेशी प्रक्रिया न होता सोडलेलं सांडपाणी आहे, आणि ते हातमोजे घालून उचलता येत नाही. त्यासाठी नगरसेवकाला विचारावं लागतं.

मी पुण्यात राहतो, बहीण दुबईला. आम्ही काय करू शकतो?

पिल्लं समुद्रात जाताना बघायच्या कासव महोत्सवाला या. वेळासला गावकऱ्यांच्या घरी राहा, जेवा आणि त्याचे पैसे त्यांना मिळू द्या. पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका.

गावी खाजणाची जमीन असेल तर ती विकण्याआधी तिथे काय होणार ते विचारा. आणि गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का, लोक जैवविविधता नोंदवहीत आपली खाडी, कालवांचे खडक, कासवांची वाळू नोंदली आहे का, ते बघा. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटातच असते. आजी-आजोबांना विचारून त्यात भर घाला. बाहेरगावी असाल तर हे काम फोनवरूनही होतं. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा म्हणून सरपंचांना आधी लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.